चढावरची गाडी आणि तिचे वंगण

बैलगाडीच्या काळी गाडीवान लांबच्या वाटेला लागण्यापूर्वी आसाला वंगण दिल्याखेरीज बैल जुंपत नसे. कोरडा आस करकरतो, बैलांचा जीव काढतो आणि अखेर स्वतःही झिजून जातो, हे त्यास कोणी शिकवावे लागत नसे. आता खेड, मावळ, आंबेगाव व जुन्नर या तालुक्यांच्या डोंगरी भागात त्या गाडीची जागा बव्हंशी पिकअपने घेतली आहे. भाताची पोती, दुधाचे कॅन, खतांच्या गोण्या, बांधकामाचा माल हे सारे तिच्यातूनच वाडीवर चढते व उतरते. कांदा-बटाट्यासाठी प्रसिद्ध असलेल्या चाकणच्या बाजारातही शेतमाल तिच्यातूनच येतो. वाहन बदलले, वंगणाची गरज बदलली नाही. फरक एवढाच की, इंजिन आसाप्रमाणे वेळीच करकरून सावध करीत नाही. ते आवाज करू लागते तेव्हा बहुधा उशीर झालेला असतो.

पिंपरी-चिंचवड व चाकण हा पट्टा मोटारधंद्याचे मोठे केंद्र आहे. आसपासच्या गावांतील कितीतरी तरुण तेथील कारखान्यांत काम करतात. इंजिनाची जाण असलेली माणसे ज्या भागात गावोगाव आहेत, त्याच भागातील वाड्यांवर वंगणाअभावी इंजिन निकामी होऊ द्यावे, हे शोभणारे नाही. तथापि याचा सारा दोष निष्काळजीपणाला देणेही योग्य नव्हे. सपाट रस्त्यावर खरी ठरणारी दोन मापे डोंगरात फसवतात. एक तेलाच्या पट्टीचे आणि दुसरे किलोमीटरचे. ही गोष्ट मालक व चालक या दोघांनीही नीट समजून घेतली पाहिजे.

पट्टीचे माप

इंजिनाच्या तळाशी तेलाची एक टाकी असते. तिला कारागीर ‘चेंबर’ म्हणतात. या टाकीत जाळी लावलेली एक नळी बुडालेली असते. पंप त्या नळीतून तेल ओढतो आणि दाबाने प्रत्येक फिरत्या भागाकडे पोचवतो. गाडी सपाटीवर असताना तेल टाकीत समपातळीत पसरलेले असते. गाडी उभ्या चढाला लागली की तेच तेल मागच्या बाजूस गोळा होते. उतारावर ते पुढे धावते. टाकीत तेल पुरेसे असेल तर जाळी तरीही बुडालेली राहते. तेल कमी असेल तर मात्र जाळी क्षणभर उघडी पडते आणि पंप तेलाऐवजी हवा ओढतो. तेलाचा दाब पडतो, बेअरिंगवरील तेलाचा पातळ थर नाहीसा होतो आणि धातूवर धातू घासू लागतो. एवढ्याशा वेळात झालेली इजा पुढे कधीही भरून निघत नाही. सपाट रस्त्यावर निभावून जाणारी तूट घाटात इंजिन बंद पाडते, ती याच कारणाने.

यास्तव तेलाची पट्टी पाहणे अगत्याचे आहेच, परंतु ती कोठे पाहावी हेही तितकेच महत्त्वाचे आहे. डोंगरातील वाडीत घरापुढचे अंगण क्वचितच सपाट असते. उतरत्या अंगणात पाहिलेली पट्टी खोटे सांगते. तेल कमी असताना भरपूर दाखवते किंवा भरपूर असताना कमी. वाडीतील खळे, शाळेचे पटांगण, दूध संकलन केंद्रापुढची जागा, यांपैकी जेथे खरोखर समतल जमीन असेल तेथेच गाडी उभी करावी. शंका वाटल्यास ताटात पाणी घेऊन जमिनीवर ठेवावे. जमीन कोठे कलते ते पाणीच सांगेल. सकाळी, गाडी सुरू करण्यापूर्वी, पट्टी पुसून पुन्हा घालावी व मग पाहावी. तेल दोन खुणांच्या दरम्यान असते; चढाचे काम करणाऱ्या गाडीत ते वरच्या खुणेजवळ असावे.

वरच्या खुणेच्या पलीकडे मात्र तेल जाऊ देऊ नये. ‘थोडे जास्तच असलेले बरे’ ही समजूत घातक आहे. अधिक झालेले तेल फिरत्या भागांकडून घुसळले जाते, त्याचा फेस होतो आणि फेसाने वंगण होत नाही. ते हवेच्या मार्गात शिरून इंजिनात जळू लागण्याचाही धोका असतो. न भरताच तेल वाढलेले दिसले तर त्यात डिझेल वा पाणी उतरले आहे असा संशय धरावा. तेल दुधाळ दिसल्यास पाणी मिसळल्याची शक्यता मोठी असते. अशी गाडी सुरू न करता कारागिरास दाखवावी.

किलोमीटरचे माप

दुसरी फसवणूक किलोमीटरच्या आकड्याची आहे. ताशी 40 किलोमीटर वेगाने सपाट रस्त्यावर धावणारी गाडी 10,000 किलोमीटर जाते, तेव्हा तिचे इंजिन 250 तास चाललेले असते. तीच गाडी माल भरून पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये ताशी 10 किलोमीटर वेगाने चढत राहिली, तर तितक्याच अंतराला 1,000 तास लागतात. डोंगरातील गाडी काही सदैव चढावरच नसते, हे खरे; परंतु हिशेबाची दिशा यावरून कळून येईल. शिवाय हे तास सुखाचे नसतात. इंजिन जोराने फिरत असते, गाडी सावकाश चालल्याने वाऱ्याचा गारवा कमी मिळतो, तेल तापून पातळ होते आणि कच्च्या वाटेची धूळ हवेच्या फिल्टरवर साचते.

शेतकऱ्याला ही गोष्ट नवी नाही. ट्रॅक्टरचे तेल तो तासांवर बदलतो. ट्रॅक्टर किती अंतर चालला हे कोणी विचारीत नाही. पिकअपही डोंगरात ट्रॅक्टरसारखीच राबते, मग तिला शहरातल्या गाडीचे माप का लावावे? गाड्यांच्या अनेक माहितीपुस्तिकांत खडतर वापरासाठी तेल बदलण्याची मुदत कमी सांगितलेली असते. परंतु ते पान सहसा उघडले जात नाही. डोंगरातील प्रत्येक मालवाहू गाडीला हीच कमी केलेली मुदत लागू आहे असे मानले पाहिजे आणि विक्रेत्यांनीही गाडी देताना ती मराठीत स्पष्ट सांगितली पाहिजे.

तेलाच्या जातीबाबतही असाच आग्रह हवा. एप्रिल 2020 पासून भारत टप्पा सहाच्या नियमांनुसार विकल्या जाणाऱ्या अनेक डिझेल गाड्यांत धुरातील काजळी अडवणारी गाळणी असते. तिला कमी राख करणारे ठराविक तेल लागते. घरात ट्रॅक्टरचा डबा आहे म्हणून त्यातले तेल पिकअपमध्ये ओतणे किंवा स्वस्त पडते म्हणून सुटे तेल घेणे म्हणजे ती महाग गाळणी बुजवून टाकणे होय.

प्रश्न केवळ पैशाचा नाही

11 ऑगस्ट 2025 रोजी, श्रावणी सोमवारी, खेड तालुक्यातील पाईटजवळ कुंडेश्वराच्या दर्शनास निघालेल्या महिलांची पिकअप घाटाच्या चढावर मागे घसरून खाली कोसळली आणि अनेक महिलांचा जीव गेला. त्या अपघाताचा संबंध तेलाशी जोडण्यास आधार नाही. परंतु चढावर गाडीचे बळ संपले म्हणजे काय होते, हे त्या दिवशी साऱ्या जिल्ह्याने पाहिले. बहुतेक डिझेल पिकअपमध्ये ब्रेकला जोर देणारा पंप इंजिनावर चालतो. अनेक गाड्यांत त्यालाही इंजिनाच्याच तेलाचे वंगण मिळते. इंजिन बंद पडले की थोड्याच वेळात ब्रेक जड होतो, आणि पॉवर स्टिअरिंग असेल तर तेही जड होते. म्हणून चढावर तेलाचा लाल दिवा लागला तर ‘एवढा चढ काढू’ असे म्हणू नये. गाडी ताबडतोब थांबवून हँडब्रेक ओढावा, चाकांना दगड लावावेत आणि इंजिन बंद करावे. उतारावर डिझेल वाचवण्यासाठी इंजिन बंद करणे हा तर आत्मघातच होय. मालाच्या गाडीत माणसे न बसवण्याचा नियमही याच अनुभवातून पाळला पाहिजे.

तेलाला पैसे लागतात आणि कर्जाच्या हप्त्यात ते निघत नाहीत, असे मालक म्हणतात. खेपेवर मजुरी मिळते, पट्टी पाहण्याची नाही, असे चालक म्हणतात. दोघांचेही म्हणणे खोटे नाही. परंतु तेलाच्या खर्चापेक्षा बांधून घ्याव्या लागणाऱ्या इंजिनाचा खर्च कितीतरी मोठा असतो. शिवाय गाडी उभी राहते ते दिवस बहुधा काढणीच्या हंगामातलेच असतात. पट्टी पाहण्याचे काम चालकाचे आणि तेलाचा पैसा मालकाचा, हे ठरवून घेतले तर वाद उरत नाही. शेतकरी उत्पादक कंपन्यांनी व दूध संस्थांनी आपल्या प्रत्येक गाडीत एक वही ठेवावी आणि तीत तारीख, इंजिन चाललेले तास व तेलाची पातळी एवढेच लिहावे. ग्रामकार्यकर्त्यांनी शेतीशाळेत बियाण्याबरोबर या वहीचाही विषय घ्यावा. माल बाजारात वेळेवर पोचणे हा शेतीचाच भाग आहे.

मोठा चढ संपल्यावर, टर्बो असलेल्या गाडीचे इंजिन लगेच बंद न करता एक-दोन मिनिटे संथ चालू द्यावे. म्हणजे तापलेल्या टर्बोतील तेल जळून चिकटणार नाही. दगडावर टाकी आपटली असेल, तर त्याच जागी वाकून खाली गळती पाहावी. पावसाळा संपून वाटा मोकळ्या झाल्या की भाताच्या काढणीची घाई सुरू होते. पहिली खेप भरण्यापूर्वी गाडी एकदा खळ्यावर उभी करून पट्टी पाहावी आणि त्याच दिवशी वहीत पहिली ओळ लिहावी.