वारा पडला, टेन्शन वाढलं!

सेलिंग म्हटलं की डोळ्यांसमोर काय येतं? निळंशार पाणी, पांढरीशुभ्र शिडं, गॉगल लावलेली एकदम कूल मंडळी! पण स्पर्धेच्या दिवशी याच कूल मंडळींना घाम फुटतो. आणि गंमत म्हणजे, तो फक्त वादळाने नाही, तर वारा पडल्यानेही!

२०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकचंच बघा. सेलिंग होतं मार्सेलला. जोरदार मिस्ट्राल वाऱ्यासाठी प्रसिद्ध असलेलं हे बंदर, पण ऐन वेळी वारा रुसला. दोघांनी चालवायच्या ‘फॉर्टीनाइनर’ बोटींची पुरुषांची मेडल रेस १ ऑगस्टला पूर्णच होऊ शकली नाही. आघाडीवर असलेल्या स्पेनच्या दिएगो बोतिन आणि फ्लोरियन त्रितेल यांना गोल्डसाठी आणखी एक रात्र काढावी लागली. विचार करा, काय झोप लागली असेल! दुसऱ्या दिवशी त्यांनी ते पटकावलं, ही गोष्ट वेगळी. एकट्याने चालवायच्या बोटींत आपले विष्णू सरवणन (१८वा) आणि नेत्रा कुमानन (२१वी) हेही याच लहरी वाऱ्याशी झुंजले.

वारा जोरात असला की बोटीबाहेर अंग झोकून तोल सांभाळावा लागतो. मांड्या भरून येतात, विचार करायला वेळच नसतो. वारा मंदावला की डोकं रिकामं, आणि रिकामं डोकं म्हणजे सैतानाचं घर! सुकाणूवरची पकड नकळत घट्ट होते. ते उगाच हललं की ब्रेक लागल्यासारखा वेग कमी होतो. जरा चुळबूळ केली की शिडात कसाबसा भरलेला वारा निसटतो. पलीकडची बोट पुढे सरकली की दिशा बदलायचा मोह होतो. म्हणजे वारा मुळात कमी, आणि उरलासुरला आपणच घालवायचा.

मग उपाय? वाऱ्यावर कंट्रोल नाही, पण रूटीनवर आहे. रेस पुढे ढकलल्याचा झेंडा लागला की सावली, पाणी, दोन घास. पाच मिनिटांचं काउंटडाउन सुरू झालं की एक खोल श्वास, खांदे सैल, आणि नजर निकालावर नाही, पाण्यावरच्या लहरींवर.

खेळाचा नियमही समजूतदार आहे. पुरेशा रेस झाल्या की त्यातला सगळ्यात वाईट निकाल मोजतच नाहीत. एखाद्या दिवशी वारा दगा देणार, हे गृहीतच! मेडल रेसला मात्र ही सवलत नाही, उलट पॉइंट्स डबल. खरी परीक्षा तिथेच.

तेव्हा क्लायंटचा मेल येत नसेल, तर दर दोन मिनिटांनी इनबॉक्स रिफ्रेश करू नका. सुकाणू जरा सैल धरा, बॉस!