बाळंतविडा बाजाराने भरायचा की समाजाने?

घरात पाळणा हलणार अशी चाहूल लागली की मराठी घरात पूर्वी पहिली हालचाल होई ती जुन्या ट्रंकेत. अनेक धुण्यांनी मऊ झालेली आजीची सुती लुगडी बाहेर निघत. त्यांची दुपटी शिवली जात, लंगोट फाडले जात, थोरल्या भावंडाची झबली उन्हात पडत. नव्या कपड्याची खळ आणि कच चार दिवसांच्या कातडीला सोसत नाही, म्हणून बाळाच्या अंगाला पहिले वस्त्र जुन्याचे लावावे, ही रीत होती. बाळ जन्मल्यावर आप्तस्वकीय बाळंतविडा घेऊन येत. त्यात कुंची, टोपडे, वाळे, मनगट्या असत आणि बाळंतिणीसाठी डिंक, अळीव, खारीक, खोबरे असे. बाळ आणि आई या दोघांचीही जबाबदारी आपण वाटून घेत आहोत, असा त्या विड्याचा अर्थ होता.

आज ही हालचाल भ्रमणध्वनीच्या पडद्यावर होते. बाळाला काय काय लागते याची लांबलचक यादी तयारच असते. ढकलगाडी, वॉकर, बाटल्या निर्जंतुक करण्याचे यंत्र, डायपरचे मोठाले गठ्ठे, पावडर, लोशन आणि छायाचित्रासाठी पोशाख अशा वस्तू त्या यादीत असतात. ती पुरी करताना तरुण जोडप्याला वाटते की जेवढी खरेदी अधिक तेवढे प्रेम अधिक. या समजुतीवरच एक अवाढव्य व्यापार उभा आहे, आणि त्याची किंमत पुष्कळदा बाळ आणि बाळंतीण चुकवीत आहेत.

छत्रपती संभाजीनगरजवळील बजाजनगर हे या स्थित्यंतराचे बोलके उदाहरण आहे. १९८५ साली बजाज ऑटोचा कारखाना वाळूजला सुरू झाला. त्यामागोमाग सुटे भाग बनविणारे लहानमोठे उद्योग आले आणि मराठवाडा, विदर्भ, खानदेशातून कामगार येऊन स्थिरावले. गावचे घर मागे राहिले आणि दोन खोल्यांत संसार सुरू झाले. पती पाळीवर जातो. सासूबाई गावी पेरणीत किंवा कापणीत अडकलेल्या असतात. माहेरी वृद्ध आईला झेपत नाही. बाळंतपणात जी चार अनुभवी माणसे भोवती असायची, ती आता बसने पाच तासांवर आहेत. ही पोकळी खरी आहे आणि बाजाराने ती अचूक हेरली आहे. जेथे आजी नाही तेथे वस्तू विकता येते, हे त्याला नेमके कळते.

यादीतून माणूस गळाला

आपल्या परंपरेत पूर्वतयारीला महत्त्व नव्हते असे कोणी समजू नये. चरकसंहितेच्या शारीरस्थानात या तयारीचे तपशीलवार वर्णन आहे. नववा महिना लागण्यापूर्वी सूतिकागार सिद्ध करावे, असे तेथे सांगितले आहे. बाळाचे अंथरूण-पांघरूण मऊ, हलके आणि स्वच्छ असावे. मळलेले टाकून द्यावे, पण दुसरे मिळण्यासारखे नसेल तर तेच धुऊन, धुरी देऊन, नीट वाळवून पुन्हा वापरावे. खेळणी रंगीत आणि आवाज करणारी असावीत; मात्र ती जड नसावीत, त्यांना टोके नसावीत, ती तोंडात जाण्याजोगी नसावीत आणि बाळाला भय वाटेल अशीही नसावीत. आजच्या खेळण्यांच्या सुरक्षाविषयक नियमांशी हे ताडून पाहावे.

याहून महत्त्वाची गोष्ट अशी की चरकाच्या यादीत वस्तूंबरोबर माणसेही आहेत. स्वतः अनेक बाळंतपणे झालेल्या, स्नेहशील, कष्ट सोसणाऱ्या आणि खचून न जाणाऱ्या स्त्रिया प्रसूतीच्या वेळी जवळ असाव्यात, असे ग्रंथकार सांगतो. आजच्या खरेदीच्या यादीत शेकडो वस्तू सापडतील, पण रात्री दोन वाजता बाळ रडू लागले तर कोणाला हाक मारायची, याचे उत्तर मात्र सापडणार नाही.

दुधाचा व्यापार

या व्यापाराचे सर्वांत गंभीर अंग बाटलीचे आहे. १९७४ साली ब्रिटनमधील ‘वॉर ऑन वाँट’ या संस्थेने ‘द बेबी किलर’ ही पुस्तिका काढून गरीब देशांतील डबाबंद दुधाच्या विक्रीतंत्रावर झोत टाकला. १९७७ मध्ये अमेरिकेत नेस्ले कंपनीच्या मालावर बहिष्काराची चळवळ सुरू झाली. १९८१ साली जागतिक आरोग्य सभेने या विक्रीला लगाम घालणारी आंतरराष्ट्रीय संहिता ११८ मतांनी संमत केली. विरोधात मत होते एकट्या अमेरिकेचे. भारताने संहितेच्या बाजूने मत दिले आणि १९९२ मध्ये त्यासाठी स्वतंत्र कायदा केला. २००३ च्या दुरुस्तीने तो अधिक कठोर झाला. दोन वर्षांपर्यंतच्या बालकांसाठी असलेले डबाबंद दूध, शिशुआहार आणि दुधाच्या बाटल्या यांची जाहिरात करणे, मोफत नमुने वाटणे, गर्भवतींशी विक्रीसाठी संपर्क साधणे, डॉक्टरांना वा परिचारिकांना भेटी देणे हे सारे या कायद्याने निषिद्ध आहे. डब्यावर आईचे किंवा बाळाचे चित्रही छापता येत नाही.

असा कायदा असलेल्या देशात डोहाळजेवणाच्या ताटाशेजारी भेट म्हणून काय ठेवलेले असते? रंगीत कागदात गुंडाळलेला बाटल्यांचा संच! ज्या वस्तूची जाहिरात करण्यास कंपनीला मनाई आहे, तिची जाहिरात आता मावशी आणि मैत्रिणी विनामूल्य करीत आहेत. बाळ जन्मण्यापूर्वीच आईच्या मनात शंका पेरली जाते की आपले दूध पुरणार नाही. ही शंका स्वतःलाच खरी करून दाखवते. बाळ जितके पिते तितके दूध आईला येते. वरचे दूध सुरू झाले की बाळ कमी पिते, आईचे दूध आटते आणि डब्यावाचून गत्यंतर उरत नाही. डबा महाग असल्यामुळे तो पुरवून वापरण्यासाठी भुकटी कमी आणि पाणी जास्त घातले जाते. पाणी अस्वच्छ असेल तर अतिसार ठरलेला. हे दुष्टचक्र दोन खोल्यांच्या घरात सुरू व्हायला एक बाटली पुरेशी असते.

याचा पुढचा अध्याय २०२४ साली समोर आला. स्वित्झर्लंडमधील ‘पब्लिक आय’ या संस्थेने तपासणी करून दाखवून दिले की नेस्लेच्या सेरेलॅकमध्ये भारतात एका वाढणीत सरासरी सुमारे ३ ग्रॅम वरून घातलेली साखर होती, तर खुद्द स्वित्झर्लंडमध्ये विकल्या जाणाऱ्या तशाच आहारात ती नव्हती. स्विस बाळाला एक न्याय आणि भारतीय बाळाला दुसरा, हे ज्या पालकांना खटकत नाही त्यांनी नाचणीच्या सत्त्वाचा विचार एकदा तरी करून पाहावा.

परदेशाने टाकलेले, आपण उचललेले

इतर वस्तूंचीही हीच कथा. आपला लाकडी पांगुळगाडा बाळाने उभे राहून स्वतः ढकलायचा असतो. आजच्या चाकांच्या वॉकरमध्ये बाळ बसते आणि पायाच्या धक्क्याने भरधाव सरकते, जिन्यावरून कोसळते, गरम भांड्यापर्यंत पोहोचते. या अपघातांमुळे कॅनडाने २००४ साली वॉकरची विक्री, आयात व जाहिरात यांवर बंदी घातली. तेथे जुना वॉकर विकणेही गुन्हा आहे. पाळण्याच्या कडेने बांधायच्या गुबगुबीत पट्ट्यांमुळे बाळ गुदमरण्याचा धोका असतो म्हणून अमेरिकेने २०२२ मध्ये कायदा करून त्या बंद केल्या. जॉन्सन अँड जॉन्सनने शंखजिऱ्याची, म्हणजे टाल्कची, बेबी पावडर २०२० साली अमेरिका व कॅनडात विकणे थांबविले आणि २०२३ मध्ये जगभर. पाश्चात्त्यांचे अनुकरण करणाऱ्यांनी निदान त्यांच्या शहाणपणाचेही अनुकरण करावे!

शासनही याच यादीच्या मोहात पडले. महाराष्ट्रात २०१९ साली नवजात बालकांसाठी ‘बेबी केअर किट’ योजना सुरू झाली. सुमारे २ हजार रुपयांच्या त्या पेटीत कपडे, गादी, मच्छरदाणी, तापमापक, नखे कापण्याचे साधन, खेळणे अशा वस्तू होत्या. गरीब मातेला त्यांचा उपयोग नाही असे कोणी म्हणणार नाही. पण ज्या फिनलंडमध्ये १९३८ पासून अशी पेटी दिली जाते, तेथे १९४९ मध्ये ती सर्व मातांसाठी खुली करताना एक अट घातली गेली. चौथा महिना संपण्यापूर्वी आईने वैद्यकीय तपासणी करून घेतलीच पाहिजे, ही ती अट. पेटी हे निमित्त होते, आईला आरोग्यसेवेच्या दारापर्यंत आणणे हा हेतू होता. पेटीत वस्तू मावतात. धीर देणारे माणूस तिच्यात घालता येत नाही.

आणि खरी गरज कोठे आहे? २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार देशातील ५२.२ टक्के गर्भवती रक्तक्षयाने ग्रस्त होत्या आणि जन्मानंतरच्या पहिल्या तासात आईचे दूध मिळालेली बालके केवळ ४१.८ टक्के होती. ढकलगाडीचा हप्ता भरणाऱ्या घरातील सून लोहाच्या गोळ्या नियमित घेते का, तिच्या ताटात डाळ, पालेभाजी, शेंगदाणे आहेत का, हे विचारणारे कोणी नाही.

आत्मपरीक्षणही हवे

बाजारावर कोरडे ओढताना स्वतःच्या घराकडे डोळेझाक करणे अप्रामाणिकपणाचे होईल. गाय व्याल्यावर तिच्या चिकाचा खरवस चवीने खाणारा आपला समाज आईचा चीक मात्र पिळून टाकत आला. बाळाचे पहिले लसीकरणच म्हणावे असे ते दूध! जन्मल्याबरोबर मध चाटविण्याची रीत जुन्या ग्रंथांतही आहे. पण मधातून अर्भकाला गंभीर विषबाधा होऊ शकते हे आज ज्ञात आहे आणि सहा महिने आईच्या दुधाखेरीज पाणीही नको असे वैद्यकशास्त्र सांगते. जे टाकायला हवे ते टाकण्याने परंपरा दुबळी होत नाही. कोंडलेल्या खोलीतील धूर, डोळ्यांत काजळ, बाळंतिणीला पाण्यावाचून तहानलेली ठेवणे, हेही टाकलेच पाहिजे.

आणि मुलगा झाला की पेढे, मुलगी झाली की बर्फी? २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात सहा वर्षांखालील दर हजार मुलांमागे ८९४ मुली होत्या. शेजारच्या बीड जिल्ह्यात तर ८०७. ज्या घरात मुलीच्या जन्माने चेहरे उतरतात, तेथे पाळण्याला लावलेली झालर कोणासाठी असते?

नोकरदार स्त्रीने बाटलीवाचून काय करावे, असा प्रश्न हमखास विचारला जातो. प्रश्न रास्त आहे, पण त्याचे उत्तर दुकानात नाही. २०१७ च्या दुरुस्तीने प्रसूतिरजा १२ वरून २६ आठवडे झाली. ५० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेत पाळणाघराची आणि तेथे दिवसातून चार वेळा जाण्याची तरतूद झाली. या तरतुदी २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही कायम आहेत. २६ आठवडे म्हणजे सहा महिने, आणि निव्वळ आईच्या दुधाचा काळही सहा महिनेच. कायद्याने हात पुढे केला आहे. तो धरण्याचे बळ कंत्राटावरील स्त्रीला कामगार संघटनांनी द्यायला हवे. लहान उद्योगांना पाळणाघर सक्तीचे नसेल, तर शेजारच्या चार उद्योगांनी मिळून एक चालवायला कोणाची हरकत आहे? आणि ज्या मातेला आजारपणामुळे वा अपुऱ्या दिवसांच्या प्रसूतीमुळे दूध पाजणे शक्य नसते, तिला दोष देण्याचा अधिकार कोणालाही नाही. तशा बाळांसाठीच मुंबईच्या शीव रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ साली आशियातील पहिली मातृदुग्धपेढी उभी केली. डबाबंद दुधाचे स्थान तेथे, डॉक्टरांच्या चिठ्ठीवर आहे. भेटवस्तूंच्या कागदात ते नाही.

वस्तीने भरावा विडा

चंगळवादावर भाषणे देऊन बाजार हटत नाही. त्याने व्यापलेली जागा माणसांनी पुन्हा भरावी लागते. बजाजनगरसारख्या वसाहतीत हे अशक्य नाही. एकाच जिन्यावर चार जिल्ह्यांतील कुटुंबे राहतात. त्यांत बाळंतपणे पाहिलेली एखादी काकू असतेच. महिला मंडळांनी आपल्या गल्लीतील गर्भवतींची आणि अनुभवी स्त्रियांची गाठ घालून द्यावी. धुऊन, उन्हात वाळविलेली झबली-दुपटी आणि पाळणा एका घरातून दुसऱ्या घरात फिरावा. एका बाळाला जेमतेम काही महिने लागणारी वस्तू दहा बाळांना पुरते. दुकानातील भेटीऐवजी शेजारच्या दहा घरांनी चार-चार दिवस वाटून घेतले, तर बाळंतिणीला सव्वा महिना गरम जेवणाचा डबा पोहोचतो. पतीच्या सहकाऱ्यांनी पाळ्या बदलून त्याला पहिले पंधरा दिवस रात्री घरी राहू द्यावे. दवाखान्यात डबाबंद दुधाचे फलक किंवा फुकटचे नमुने दिसले तर जिल्हा आरोग्य यंत्रणेकडे लेखी तक्रार करावी. कायदा त्यासाठीच आहे. आणि मुलगी जन्मली तर वस्तीत पेढेच वाटावेत.

कार्यकर्त्याने घरोघरी जाताना हा विषय बायकांचा म्हणून बाजूला सारू नये. संघटित समाज म्हणजे काय, हे परगावाहून आलेल्या एकट्या बाळंतिणीला तिच्या दारात आलेल्या डब्यावरून जितके कळेल, तितके शंभर व्याख्यानांतून कळणार नाही.