पारख हेच भांडवल

कापडाच्या पेढीवर वाढलेल्या मुलीने एके दिवशी जेवताना सांगावे, ‘मला फॅशन स्टायलिस्ट व्हायचे आहे’ आणि घर क्षणभर स्तब्ध व्हावे, असे प्रसंग आता अनेक व्यापारी कुटुंबांत घडू लागले आहेत. मुलगी कपडे शिवणार असती, तर वडिलांना समजले असते. शोरूम काढणार असती, तर त्यांनी जागाही पाहिली असती. परंतु दुसऱ्याने शिवलेले कपडे तिसऱ्याच्या अंगावर घालायचे, यात धंदा कोणता? माल कोणाचा, भांडवल कोणाचे आणि नफा कशाचा? हा प्रश्न उपहासाचा नसून व्यापाऱ्याचा आहे, आणि म्हणूनच त्याला नीट उत्तर मिळायला हवे.

डिझायनर वस्त्र घडवतो, स्टायलिस्ट ते निवडतो. जाहिरात, मासिकातील छायाचित्रे, ऑनलाइन विक्रीचे कॅटलॉग, चित्रपटाचा प्रसिद्धी-सोहळा किंवा लग्नघर, कोणत्या व्यक्तीने कोणत्या प्रसंगी काय ल्यावे हे तो ठरवतो. रंग, पोत, माप, दागिना आणि पादत्राण यांचा मेळ साधणे हे त्याचे काम. नफा येतो तो पारखेतून. ताग्याला नुसता हात लावून सुताचा कस सांगणाऱ्या मूळजी जेठा मार्केटमधील जुन्या व्यापाऱ्याला ही पारख अपरिचित नाही. फरक इतकाच, की तो मालाला गिऱ्हाईक शोधतो आणि स्टायलिस्ट गिऱ्हाइकाला माल.

वस्त्राच्या जाणिवेवर उभे राहिलेले मोठे नाव महाराष्ट्रातच आहे. कोल्हापूरच्या भानू अथैया जे. जे. कलाशाळेत शिकल्या आणि मासिकांसाठी पोशाखांची रेखाटने करू लागल्या. त्या वाटेने त्या चित्रपटांच्या वेशभूषेकडे वळल्या आणि ‘गांधी’ चित्रपटासाठी 1983 मध्ये ऑस्कर मिळवणाऱ्या पहिल्या भारतीय ठरल्या. त्यांचे क्षेत्र वेशभूषेचे, स्टायलिंगचे नव्हे. पण लहान कामापासून आरंभ करण्याचा त्यांचा धडा दोन्हीकडे सारखाच लागू पडतो.

शिक्षणाची सोय आज आहे. 1986 मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय फॅशन तंत्रज्ञान संस्थेत, म्हणजे ‘निफ्ट’मध्ये, फॅशन कम्युनिकेशनचा चार वर्षांचा पदवी अभ्यासक्रम असून तिचे मुंबई केंद्र खारघरला आहे. तथापि या व्यवसायात पदवीइतकेच महत्त्व उमेदवारीला आहे. अनुभवी स्टायलिस्टच्या हाताखाली साहाय्यक म्हणून काम केल्यावाचून पाय स्थिरावत नाहीत. याच काळात होतकरू छायाचित्रकार आणि रूपसज्जाकार यांच्यासह स्वतःचे छायाचित्रण करून कामाचा संग्रह उभा करावा लागतो. पुढे काम मिळते ते तो संग्रह पाहून आणि माणसांच्या शिफारशीवर.

साहाय्यकाच्या दिवसात झगमगाट थोडा आणि हमाली अधिक. ब्रँडच्या शोरूममधून कपडे आणायचे, प्रत्येक नगाची यादी करायची, आधीचा डाग वा उसवण असल्यास तिचे छायाचित्र घ्यायचे, वाफेच्या इस्त्रीने चुण्या काढायच्या. सैल कपडा पाठीमागे चिमटे लावून बसवायचा. नव्या जोड्याच्या तळव्याला चिकटपट्टी लावायची, म्हणजे तो ओरखड्यावाचून परत करता येतो. काम संपताच सारे मोजून, ठरल्या दिवशी पोचते करायचे.

जुन्या पेढीवरील मंडळी हे वाचून हसतील, कारण ही सरळसरळ जांगड वही आहे. पसंतीसाठी नेलेला माल जसाच्या तसा परत येतो, या विश्वासावरच जांगड चालते. एक ओढणी गहाळ झाली, तर तिची किंमत भरून देता येते. त्या शोरूमचे दार मात्र पुन्हा सहज उघडत नाही. म्हणून नुकसान झाल्यास भरपाई कोणाची, हे काम घेण्यापूर्वीच लेखी ठरलेले बरे.

हिशेबाची बाजू याहून नाजूक. आरंभीचे मानधन तुटपुंजे असते आणि तेही अनेकदा महिना-दोन महिने उशिरा हाती येते. प्रवास, धुलाई, अनामत ही रक्कम मात्र आधी खिशातून जाते. मासिकाचे काम नाव देते; कॅटलॉगचे काम घर चालवते. दोहोंचा तोल राखणारा टिकतो. आगाऊ रक्कम, प्रत्येक कामाचे बिल आणि खर्चाच्या पावत्या यांची सवय पहिल्या दिवसापासून हवी. वार्षिक उलाढाल 20 लाखांपुढे गेली की सेवा देणाऱ्यास जीएसटीची नोंदणी करावी लागते, हेही ध्यानात असावे.

आणखी एक प्रश्न अंतरीचा. कामात चामड्याची पर्स येते, फर येते, कोशातील जीवासह उकळून काढलेले रेशीम येते. ज्या मुलीच्या घरी या वस्तू वर्ज्य असतील, तिने आपली मर्यादा काम स्वीकारतानाच सांगावी. ऐन छायाचित्रणाच्या वेळी नव्हे. काही कामे हातची जातील. परंतु सुती, लिनन आणि खादी यांत पारंगत असलेल्या स्टायलिस्टलाही स्वतःचे क्षेत्र घडवता येते. वडीलधाऱ्यांनीही येथे सावध असावे. दुकानात रेशमी साड्यांचे गठ्ठे असताना संयमाचा उपदेश केवळ मुलीला करणे शोभत नाही.

तेव्हा घराने काय करावे? मुलगा नवी शाखा काढतो, तेव्हा त्याला ठरावीक मुदत आणि ठरावीक रक्कम दिली जाते. पहिल्या वर्षीच नफा मागितला जात नाही. तीच नीती येथेही लावावी. दोन वर्षे द्यावीत, दर महिन्याला हिशेब पाहावा आणि मधल्या काळात स्थळांची घाई करू नये. मुलीनेही ती वही उघडी ठेवावी. दोन वर्षांनी निर्णय घ्यायची वेळ येईल, तेव्हा घराचा रुसवा किंवा मुलीचा हट्ट यांवर विसंबावे लागणार नाही; दोघांसमोर वही असेल.