वजन मोजले, पण कण ओळखले का?

केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने ११ जुलै २०२५ रोजी अधिसूचना काढून देशातील सुमारे ७८ टक्के औष्णिक वीज संचांना धुरातील गंधक काढून टाकणारी यंत्रणा बसविण्याच्या सक्तीतून सूट दिली. धुराड्याच्या उंचीचे निकष पाळले म्हणजे पुरे, असे ठरले. २०१५ साली लागू झालेल्या नियमाची मुदत वारंवार वाढवून झाल्यावर घेतलेल्या या निर्णयाच्या समर्थनार्थ जे मुद्दे मांडले गेले, त्यांत मोजमापाचा मुद्दा महत्त्वाचा होता. भारतीय कोळशात गंधक कमी असते आणि बहुतेक शहरांच्या हवेत सल्फर डायऑक्साइडचे प्रमाण मानकाच्या आतच आढळते, असे सांगण्यात आले. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. त्यांवरून काढलेला निष्कर्ष मात्र तपासून पाहावा लागेल.

सल्फर डायऑक्साइड हा वायू हवेत फार काळ वायुरूपात राहत नाही. काही तासांत किंवा दिवसांत त्याचे रूपांतर सल्फेटमध्ये होते. शेतातील खते आणि जनावरांचे शेण-मूत्र यांतून निघणाऱ्या अमोनियाशी संयोग होऊन त्याचे अतिसूक्ष्म कण तयार होतात. हे कण वाऱ्याबरोबर शेकडो किलोमीटर जातात. त्यामुळे वीजकेंद्राजवळच्या यंत्रावर वायूचा आकडा समाधानकारक दिसतो आणि दूरच्या एखाद्या शहरात सूक्ष्मकणांचा आकडा वाढतो. त्या आकड्यावर मूळ धुराड्याचा पत्ता लिहिलेला नसतो. प्रदूषण एका रूपात सोडायचे, दुसऱ्या रूपात पसरू द्यायचे आणि मोजायचे मात्र पहिल्याच रूपात, अशी ही विसंगती आहे.

तिचे मूळ आपल्या मोजणीच्या पद्धतीत आहे. हवेतील कणांची वर्गवारी प्रथम आकाराने केली जाते. दहा मायक्रॉनपर्यंतचे कण म्हणजे पीएम १० आणि अडीच मायक्रॉनपर्यंतचे पीएम २.५. यांतील दुसरे फुप्फुसांच्या वायुकोशांपर्यंत पोहोचतात. त्यांतील सर्वांत सूक्ष्म कण रक्तातही उतरतात. देशात १९८४ पासून उभारल्या गेलेल्या मोजणीच्या जाळ्यात हवा गाळणपट्टीतून ओढली जाते आणि पट्टीचे आधीचे व नंतरचे वजन ताडून पाहिले जाते. आठवड्यातून दोन दिवस, म्हणजे वर्षाकाठी १०४ दिवस, असा तिचा दंडक आहे. स्वयंचलित केंद्रांतील बरीच यंत्रे पट्टीवर साचलेल्या धुळीत बीटा किरण किती शोषले जातात यावरून तासातासाला हाच हिशेब देतात. दोन्ही पद्धतींचे उत्तर एकच असते : एक घनमीटर हवेत किती मायक्रोग्रॅम कण आहेत. त्यांत रस्त्यावरची माती किती, वाहनांची काजळी किती आणि सल्फेट किती, हे वजनावरून कळत नाही. त्यासाठी पट्टीचे रासायनिक पृथक्करण करावे लागते. ते खर्चिक आणि वेळखाऊ असल्याने एखाद्या शहराचा एकदा अभ्यास होतो आणि पुढे कित्येक वर्षे त्याचाच आधार घेतला जातो.

उपग्रहांनी ही उणीव थोडी भरून काढली आहे. नासाच्या ‘टेरा’ आणि ‘अ‍ॅक्वा’ या उपग्रहांनी २००० नंतर गंगेच्या मैदानावरील धुरक्याचा विस्तार जगाला दाखविला. कानपूरच्या आयआयटीत २००१ पासून सूर्यप्रकाशाच्या क्षीणतेवरून कणांचे प्रमाण मोजले जात आहे. पण ही साधने जमिनीपासून वरपर्यंतच्या संपूर्ण स्तंभाचा अंदाज देतात. नागरिक ज्या थरात श्वास घेतो, त्याचा आकडा काढण्यासाठी आर्द्रता आणि हवेच्या मिसळणाऱ्या थराची उंची यांची जोड द्यावी लागते. हिवाळ्यात हा थर खाली उतरतो आणि तेवढाच धूर अधिक दाट होतो.

धोरणाने मात्र सर्वांत सोपा आकडा निवडला. जानेवारी २०१९ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय शुद्ध हवा कार्यक्रमात मुंबई, पुणे, नागपूर, चंद्रपूरसह शंभराहून अधिक शहरे आली. त्यांच्या प्रगतीचे मूल्यमापन मुख्यतः पीएम १० वर झाले. साहजिकच पालिकांचा पैसा रस्ते झाडणारी यंत्रे आणि पाण्याचे फवारे यांच्याकडे वळला. डोळ्यांना दिसणारी जाडी धूळ खाली बसली तरी आकडा सुधारतो. फुप्फुसात खोलवर जाणारा कण तसाच राहू शकतो. निर्देशांकाचीही हीच गत आहे. चोवीस तासांत पीएम २.५ ची सरासरी ३० मायक्रोग्रॅमपर्यंत असेल, तर आपला निर्देशांक हवा ‘चांगली’ ठरवतो. जागतिक आरोग्य संघटनेची २०२१ ची मार्गदर्शक मर्यादा १५ आहे.

कणांचा प्रकार ओळखण्याची गरज केवळ आरोग्यापुरती नाही. १९९९ मध्ये वीरभद्रन रामनाथन आणि पॉल क्रुट्झन यांच्या नेतृत्वाखाली मालदीवला तळ ठेवून हिंदी महासागरावरील हवेची मोठी पाहणी झाली. तीतून उपखंडावरून समुद्रावर सरकणारे तपकिरी धुरके पुढे आले. २००२ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या अहवालाने त्याला ‘आशियाई तपकिरी ढग’ म्हटले, तेव्हा भारतात नाराजी उमटली. जे. श्रीनिवासन आणि सुलोचना गाडगीळ यांनी ‘करंट सायन्स’मध्ये त्या निष्कर्षांवर आक्षेप घेतले. कोरड्या मोसमातील निरीक्षणांवरून पावसाळ्याविषयी बोलण्यातील धोका त्यांनी दाखवून दिला. पुढे नावातून ‘आशियाई’ हा शब्द गळला आणि अधिक निरीक्षणांची निकड सर्वांनाच पटली. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने २००९ पासून विमानांतून ढग आणि कण यांचे नाते तपासले, ते याच दिशेने.

सल्फेट सूर्यप्रकाश परतवते आणि हवा थंड ठेवते. काजळी तो शोषून हवा तापवते. दोघांमुळे जमिनीवर पोहोचणारे ऊन कमी होते. आंतरसरकारी हवामान बदल मंडळाच्या २०२१ च्या अहवालानुसार हरितगृह वायूंनी १.० ते २.० अंश सेल्सियस तापमानवाढ घडविली असावी आणि प्रामुख्याने कणांनी त्यातील ० ते ०.८ अंश झाकून ठेवली असावी. ही कक्षा इतकी रुंद आहे, याचे एक मोठे कारण कणांविषयीची आपली अपुरी माहिती हेच आहे. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात दक्षिण आशियातील मान्सून क्षीण होण्यात कणांचा वाटा होता, असेही हा अहवाल नोंदवतो.

मग सल्फेट राहू द्यावे, म्हणजे तापमान तरी आटोक्यात राहील, असा युक्तिवाद कोणी करील. तो टिकणारा नाही. कण आठवडाभरात खाली येतात; कार्बन डायऑक्साइडचा मोठा भाग शतकानुशतके हवेत राहतो. म्हणजे थोडा गारवा टिकवण्यासाठी रोज नवे विष हवेत सोडत राहावे लागेल आणि त्याखाली साचणारी उष्णता वाढतच जाईल. शिवाय गंधक हटवायचेच असेल, तर त्याच वेळी काजळी आणि मिथेन कमी करणे शहाणपणाचे ठरेल. कोणते आधी, कोणते किती, हे ठरविण्यासाठी प्रत्येकाचा वेगळा आकडा हाती हवा.

म्हणूनच पुढील टप्प्यात केवळ यंत्रांची संख्या वाढवून भागणार नाही. मोठ्या शहरांत, तसेच चंद्रपूर, कोराडी, परळीसारख्या वीजकेंद्रांच्या वाऱ्याच्या दिशेला, कणांचे रासायनिक पृथक्करण वर्षभर करणारी केंद्रे हवीत. त्यांची माहिती नागरिकांना खुली असावी आणि कार्यक्रमाचे यश पीएम २.५ वरून ठरावे. गंधकाच्या सवलतीचा फेरविचार अशा नोंदींच्या आधारे व्हायला हवा. कोळशाची राख आणि धूर यांच्या छायेत राहणाऱ्या वस्त्यांना आपल्या श्वासात काय जाते, हे विचारण्याचा अधिकार आहे. नुसत्या वजनाचा आकडा हे त्याचे उत्तर होऊ शकत नाही.