त्यांचे कर्ज गळते, आपले चिकटते



बंद पडलेले जिनिंग विकायला निघाले की दलाल आधी शेतकऱ्यांच्या कंपनीच्या दारात येतो. "मातीमोल भावात मिळते आहे," म्हणतो. मातीमोल का, हे सांगत नाही.

धंदा विकत घेताना त्याच्यावरचे जुने कर्ज कोणाच्या गळ्यात पडते, याचे या देशात दोन हिशेब आहेत. 2016 साली दिवाळखोरी संहिता आली. तिच्याखाली 2019 मध्ये पतंजलीने रुची सोया घेतली. बँकांचे दावे 9,300 कोटींच्या वर, सौदा झाला 4,350 कोटींत. त्यातलाही मोठा पैसा बँकांनीच कर्जाऊ दिला. पुढे 2021 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ठरवून टाकले की, मंजूर योजनेत जे देणे धरलेले नाही ते संपले, मग ते सरकारी कराचे का असेना. घेणाऱ्याला कोरी पाटी! बुडालेला कारखाना पुन्हा चालावा, सोयाबीनला गिऱ्हाईक टिकावे, याला आमचा विरोध नाही. आमचा सवाल एवढाच की, कापूस-ज्वारीच्या कोरडवाहू रानाला अशी कोरी पाटी का नाही? बाप मेला तरी सातबाऱ्यावरचा बोजा मरत नाही. बँकेने त्यांचे अर्धे सोडले की त्याला 'हेअरकट' म्हणायचे. आम्ही थकलो की कर्जबुडवे.

लहान गिरणी बँकेच्या लिलावात घ्यायला गेलो तर ही ढाल आपल्याला मिळत नाही. नोटीस नीट वाचा: 'जसे आहे, जेथे आहे'. विंचू या चार शब्दांखाली आहे. मे 2023 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाप्रमाणे, वीज नियमांत तरतूद असेल तर जुन्या मालकाची थकबाकी भरल्याशिवाय नव्याला जोडणी नाकारता येते. मग रुई आणि सरकी काय हाताने वेगळी करायची? कामगारांच्या भविष्यनिर्वाह निधीची थकबाकी तर कायदा विकणारा आणि घेणारा दोघांवर टाकतो, घेणाऱ्यावर मिळालेल्या मालमत्तेच्या किमतीपर्यंत. तो पैसा मजुराच्या घामाचा, त्याबद्दल कुरकुर नको. पण तो भावातून आधी वजा झाला पाहिजे.

म्हणून कंपनीचे भाग घेऊ नका. भाग घेतले की कंपनी तीच राहते आणि तिची सगळी देणी, दुसऱ्यांसाठी दिलेल्या हमीसकट, तिच्यावरच राहतात. जमीन आणि यंत्रे घ्या. खाजगी सौदा असेल तर बोजा उतरल्याचे बँकेचे पत्र, विजेची आणि निधीची बेबाकी हातात येईपर्यंत किमतीचा काही भाग राखून ठेवा. लिलावात असे राखता येत नाही. तिथे थकबाकी काढून, ती वजा करूनच बोली लावा.

जिल्हा बैठकीत खरेदीचा ठराव येण्याआधी या थकबाकीचे कागद सचिवाकडे जमा हवेत.