पाळणाघराचे नियम आणि सांभाळाचे मोल

शाळा उघडण्याचे दिवस आले की प्रवेश, देणग्या आणि पाठ्यपुस्तके यांविषयीच्या मजकुराने वृत्तपत्रांचे रकाने भरून जातात. परंतु ज्या मुलाचे अद्याप शाळेचे वय झालेले नाही आणि ज्याच्या आईला सकाळची लोकल गाठावयाची आहे, त्या मुलाचे काय, हा प्रश्न त्या रकान्यांतून क्वचितच उमटतो. डोंबिवली, विरार, पिंपरी-चिंचवड, नाशिक रोड अशा नोकरदारांच्या आणि कष्टकऱ्यांच्या वस्त्यांतून लोकांनी या प्रश्नाचे उत्तर आपल्यापुरते शोधून काढले आहे. शेजारच्या बिऱ्हाडातील कोणी काकू किंवा मावशी आपल्या दोन खोल्यांत आठ-दहा मुले सांभाळते. दारावर पाटी असते किंवा नसतेही. पण सारी आळी तिला ‘पाळणाघरवाल्या काकू’ म्हणून ओळखते.

हा व्यवहार बहुतांशी तोंडी चालतो. ओळखीतून मूल येते, ‘तुम्हांला योग्य वाटेल ते द्या’ असे संकोचाने म्हटले जाते, आणि काही महिन्यांतच संकोचाची जागा कुरबुरीने घेतली जाते. सहाला येणारी आई साडेसातला येते. मूल गावी गेले त्या महिन्याचे पैसे द्यावयाचे की नाही यावरून बोलाचाली होते. ताप आलेल्या मुलाला औषध पाजून निमूटपणे आणून सोडले जाते. एखाद्या तान्ह्याच्या पायातला चांदीचा वाळा हरवतो आणि दोन बिऱ्हाडांचे बोलणेच बंद पडते. याला कंटाळून त्या बाईने प्रवेश, शुल्क आणि कपडे यांविषयीचे नियम कागदावर लिहून दाराशी लावले, की तिच्यावर लगेच ठपका येतो : हिने मायेचा बाजार मांडला! हा ठपका अन्यायाचा आहे. किंबहुना तो ज्या समजुतीतून येतो ती समजूतच तपासून पाहणे अगत्याचे आहे.

मूल सांभाळणे हा स्त्रीचा स्वभाव आहे, तो श्रम नव्हे, अशी ती समजूत आहे. स्वभावाला वेतन नसते, तासांची मर्यादा नसते, रजा तर नसतेच नसते. सकाळी सातला पहिले मूल दारात येते आणि संध्याकाळी शेवटचे मूल जाईपर्यंत दिवसाचे अकरा-बारा तास उलटून गेलेले असतात. या वेळात भरवणे, शी-शू काढणे, निजवणे, पडलेल्याला उचलणे आणि रडणाऱ्याला उगी करणे हे सारे चालू असते. तरीही हिशेब मांडताना ‘बाई घरीच तर असते’ असे म्हटले जाते. कामगार चळवळीने आजवर जे मिळविले ते नियम लेखी करून घेऊनच मिळविले. कामाचे तास, पगाराची तारीख, रजेचा हक्क या गोष्टी जोवर मालकाच्या मर्जीवर होत्या तोवर त्या नव्हत्याच असे म्हणावयास हरकत नाही. मग तीच गोष्ट पाळणाघरातील बाईने मागितली तर ती माया विकते असे का व्हावे?

मात्र येथे एक महत्त्वाचा फरक लक्षात ठेवावयास हवा. या बाईसमोर मालक उभा नाही. समोर उभी आहे ती दुसरी कष्टकरी स्त्री : परिचारिका, दुकानातील विक्रेती, कचेरीतील कारकून, चार घरची धुणीभांडी करणारी मोलकरीण. एकीला तिच्या श्रमाचे मोल मिळाले पाहिजे आणि दुसरीला ते परवडले पाहिजे. म्हणून नियम हवेत एवढे म्हणून भागणार नाही. ते कोणते हवेत याचाही विचार केला पाहिजे.

प्रथम प्रवेशाचा प्रश्न. किती मुले घ्यावीत याचे उत्तर जागेच्या चौरस फुटांवर किंवा मागणीवर सोडून चालणार नाही. आग, गॅसची गळती असा प्रसंग ओढवला तर बाई आणि तिची मदतनीस मिळून जेवढी रांगती व तान्ही मुले उचलून बाहेर नेऊ शकतील, तेवढीच घ्यावीत, हे साधे मोजमाप पुरेसे आहे. प्रवेशाच्या वेळी मुलाच्या लसींची नोंद, कोणते अन्न किंवा औषध त्याला सोसत नाही, कोणत्या डॉक्टरांकडे नेतात, आणि मुख्य म्हणजे मुलाला घरी नेण्यास कोण कोण येऊ शकेल, हे लिहून घ्यावे. यादीबाहेरचा माणूस, मग तो सख्खा काका का असेना, आला तर आईला दूरध्वनी केल्यावाचून मूल हाती देऊ नये. पहिला आठवडा मुलाला तास-दोन तासच ठेवून त्याला जागेची सवय होऊ द्यावी. ताप, जुलाब, डोळे येणे, कांजिण्या अशा आजारांत मूल घेतले जाणार नाही, हा नियम आईला जाचक वाटतो. पण तो इतर नऊ आयांच्या रजा वाचविणारा नियम आहे, हे तिला समजावून सांगितले पाहिजे.

आई-वडिलांच्या बाजूनेही एक अट असावयास हवी. पाळणाघराचे दार त्यांना कोणत्याही वेळी, न कळवता, उघडे असले पाहिजे. २०१६ साली नवी मुंबईत खारघर येथील एका पाळणाघरात तान्ह्या मुलीला झालेली मारहाण कॅमेऱ्याच्या चित्रणावरून उघडकीस आली, तेव्हा साऱ्या महाराष्ट्राला धक्का बसला. त्यानंतर पुष्कळ ठिकाणी कॅमेरे लागले. पण कॅमेरा घडून गेलेली गोष्ट दाखवितो. दुपारी अवचित डोकावणारी आजी ती घडू देत नाही. जे पाळणाघर असे डोकावणे मना करते, तेथे मूल ठेवू नये.

दुसरा प्रश्न शुल्काचा, आणि खरी अडचण येथेच आहे. शुल्क महिन्याचे असावे, हजेरीचे नसावे. मूल चार दिवस आले नाही म्हणून घरभाडे चार दिवसांचे कमी होत नाही, की मदतनीस बाईची चूल चार दिवस बंद राहत नाही. शाळेत आपण गैरहजर दिवसांचे पैसे परत मागत नाही. मग येथेच हा हिशेब का? २०२० च्या मार्चमध्ये टाळेबंदी आली तेव्हा या व्यवहाराचा तकलादूपणा उघडा पडला. मुले येणे एका दिवसात थांबले आणि जेथे लेखी काही ठरलेले नव्हते तेथे या बायांची मिळकतही त्याच दिवशी थांबली. एक महिन्याची आगाऊ सूचना दोन्ही बाजूंनी बंधनकारक असावी, गावी जाण्याच्या काळात जागा राखून ठेवण्यासाठी काही अंश द्यावा, वर्षातून एकदा वाढ ठरलेल्या महिन्यातच व्हावी, आणि दिलेल्या प्रत्येक रकमेची पावती मिळावी, एवढे तरी कागदावर यावे.

पण शुल्काची तारीख ठरविताना डोळे उघडे ठेवले पाहिजेत. पुष्कळ पाळणाघरांतून ते एक तारखेला मागितले जाते. आता १९३६ च्या वेतन प्रदान कायद्याने मालकाला आस्थापनेच्या आकारानुसार सात किंवा दहा तारखेपर्यंत पगार देण्याची मुभा दिली होती आणि कामगार वर्गाचा महिना त्यामुळे त्या तारखांभोवतीच फिरत आला आहे. एक तारखेला आईच्या हाती पैसे नसतात. मग दंड लागतो किंवा उसनवार करावी लागते. शुल्काची मुदत दहा तारखेपर्यंत ठेवल्याने बाईचे फारसे बिघडत नाही आणि आईची मान ताठ राहते. तीच गोष्ट उशिराच्या आकाराची. रोजच उशीर करणाऱ्यांकडून जादा आकार जरूर घ्यावा, कारण बाईची संध्याकाळही तिची स्वतःची आहे. परंतु पावसाळ्यात कुर्ल्याच्या रुळांवर पाणी साचून गाडी तुंबली, तर तो दंड आईने का भरावा? अशा दिवशी तो माफ असेल हेही नियमातच लिहावे, म्हणजे तिला गयावया करावी लागणार नाही. सवलत मेहरबानीने मिळाली तर मिंधेपणा येतो. नियमाने मिळाली तर तो हक्क होतो.

तिसरा नियम कपड्यांचा. वरवर पाहता तो क्षुल्लक वाटतो. पण मुलांच्या जगात पहिली विषमता शिरते ती कपड्यांच्या वाटेने. दोन जादा जोड, लंगोट किंवा डायपर, दुपटे आणि हिवाळ्यात स्वेटर पिशवीत असावा. प्रत्येक कपड्यावर दोऱ्याने नाव किंवा खूण घातलेली असावी. मळलेले कपडे वेगळ्या पिशवीत घरी जावेत, ते धुण्याचे काम सांभाळाच्या शुल्कात धरू नये. सोन्याची साखळी, वाळे, काळ्या मण्यांची माळ, टाचणी हे काही नको. दागिना हरवतो हे कारण दुय्यम आहे, मणी तुटून तान्ह्याच्या घशात अडकतो हे पहिले आहे. कपडे सैल, सुती, मळले तरी चालतील असे असावेत, कारण मुलाने मातीत आणि पाण्यात खेळणे हेच त्याचे शिक्षण आहे. झालरीचा झगा घातलेल्या मुलीला ‘फ्रॉक खराब होईल’ म्हणून कोपऱ्यात बसविले जाते, तेव्हा कपडा मुलीसाठी नसून मुलगी कपड्यासाठी आहे असे होते.

परंतु याच नियमाने गरीब आईला लाज आणता कामा नये. पावसाळ्यात एका खोलीच्या बिऱ्हाडात चार जोड वाळत नाहीत. डायपरची किंमत प्रत्येकीला झेपत नाही. म्हणून लहान झालेले कपडे सर्वांनी पाळणाघरात आणून द्यावेत, त्यांची एक पेटी असावी, आणि ओले झालेले मूल कोणाचेही असो, त्याला त्या पेटीतला कोरडा कपडा घालावा. कोणाचे मूल पेटीतला कपडा घालते याची चर्चा मग उरत नाही, कारण सर्वांचीच मुले घालतात. विशिष्ट गणवेश सक्तीचा करून तो ठरावीक दुकानातून घ्यावयास लावणे ही शाळांतील वाईट चाल मात्र येथे आणू नये.

हे सारे नियम पाळले तरी एक प्रश्न उरतोच. मोलकरणीच्या मिळकतीतून पाळणाघरातील बाईला जगण्यापुरते वेतन कसे निघावे? शुल्क वाढविले तर आई मुलाला घरी सात वर्षांच्या ताईवर सोडून जाईल. कमी ठेवले तर काकू मुलांची संख्या वाढवील किंवा मदतनीस काढून टाकील. दोन स्त्रियांनी कितीही समजूतदारपणे बोलणी केली तरी हा पेच सुटत नाही, कारण ज्यांनी यात वाटा उचलावयास हवा ते त्या बोलण्यात उपस्थितच नसतात. ते म्हणजे मालक आणि सरकार.

कायद्यांत त्यांची जबाबदारी सांगितलेली नाही असे नव्हे. १९४८ च्या कारखाना कायद्याने पन्नासांहून अधिक स्त्रिया कामावर असतील तेथे पाळणाघराची सक्ती केली आणि १९७६ च्या दुरुस्तीने ही संख्या तिसांवर आणली. पण मोजल्या गेल्या फक्त स्त्रिया. मूल ही केवळ आईची जबाबदारी ही समजूत अशा रीतीने कायद्यातच शिरली आणि स्त्रियांची भरती टाळण्यास मालकांना एक निमित्तही मिळाले. २०१७ मध्ये प्रसूती लाभ कायद्यात दुरुस्ती होऊन पन्नास किंवा अधिक कर्मचारी, मग ते स्त्री असोत वा पुरुष, असलेल्या आस्थापनांवर पाळणाघराचे बंधन आले. २०२० ची सामाजिक सुरक्षा संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली, तिनेही पन्नासांची मर्यादा कायम ठेवली. तत्त्व सुधारले हे मान्य केले पाहिजे. परंतु मोलकरणीला, भाजीवालीला, कोळणीला, घरी बसून शिवणकाम करणारीला पन्नास सहकारी असलेली आस्थापना कोठून मिळणार? त्यांच्यासाठी आहे ती शेजारची काकूच.

वाट नाही असेही नव्हे. दिल्लीत मीरा महादेवन यांनी १९६९ मध्ये बांधकाम मजुरांच्या मुलांसाठी फिरती पाळणाघरे सुरू केली आणि १९७२ पासून ते काम मुंबईतही उभे राहिले. कोसबाडच्या टेकडीवर ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकत्र आणली, कारण धाकट्या भावंडाला कडेवर घेऊन बसणारी मुलगी शाळेत यावी तर त्या भावंडाचीही सोय तेथेच झाली पाहिजे, हे त्यांनी ओळखले होते. २००५ च्या ग्रामीण रोजगार हमी कायद्याने तर कामाच्या जागी सहा वर्षांखालील पाच किंवा अधिक मुले असतील, तर मजूर स्त्रियांपैकी एकीने त्यांना सांभाळावे आणि तिला मजुरी द्यावी, असे स्पष्ट म्हटले. माती खणणे आणि मूल सांभाळणे ही दोन्ही मजुरीची कामे आहेत, हे देशाच्या संसदेने मान्य केलेले तत्त्व होय. ते शहरातील आळीला का लागू होऊ नये?

म्हणून आमचे म्हणणे असे आहे. नगरपालिकांनी घरगुती पाळणाघरांची नोंदणी साध्या अर्जावर करावी. परवान्याचे जंजाळ निर्माण करून या बायांना चिरीमिरीच्या हवाली करू नये. नोंदणी झालेल्या पाळणाघरातील बाईला प्रथमोपचाराचे आणि बालसंगोपनाचे शिक्षण फुकट मिळावे. अल्प मिळकतीच्या आईच्या शुल्काचा ठरावीक हिस्सा सरकारने थेट पाळणाघराला द्यावा. शाळांच्या, समाजमंदिरांच्या रिकाम्या खोल्या नाममात्र भाड्याने द्याव्यात. हे होईपर्यंत आणि हे व्हावे म्हणूनही, एकेका वस्तीतील पाळणाघरवाल्या बायांनी आणि आयांनी एकत्र बसून नियम ठरवावेत. एकीने लिहून दुसरीच्या हाती ठेवलेल्या कागदापेक्षा दोघींनी मिळून लिहिलेला कागद अधिक टिकतो.

त्या कागदावर तारखा असतील, रकमा असतील, लंगोटांची संख्या असेल. मायेला तो मारक ठरेल अशी भीती कोणी बाळगू नये. महिनाअखेरीस शुल्क कसे मागावे या विवंचनेत असलेल्या बाईपेक्षा ते वेळेवर मिळणार अशी खात्री असलेली बाई मांडीवरच्या मुलाला अधिक निवांतपणे थोपटू शकेल.