मोठा डॉक्टर आणायचा की जवळचे केंद्र शिकते करायचे?

मोहल्ल्यात आरोग्य शिबिर ठरले की आपली पहिली धावपळ शहरातल्या मोठ्या डॉक्टरांसाठी असते. मीही ती केली आहे. डॉक्टर येतात, रांगा लागतात, संध्याकाळी ते परततात. दुसऱ्या दिवशी जवळचे आरोग्य केंद्र होते तसेच असते.

अमेरिकेतील न्यू मेक्सिको राज्यात वेगळा मार्ग निघाला. यकृततज्ज्ञ डॉ. संजीव अरोरा यांच्या दवाखान्यात हिपॅटायटिस-सीच्या रुग्णांना आठ-आठ महिने थांबावे लागे. 2003 मध्ये त्यांनी ‘प्रोजेक्ट इको’ सुरू केला. गावोगावच्या केंद्रांतील डॉक्टर व परिचारिका दर आठवड्याला व्हिडिओवर एकत्र येत. एकजण रुग्णाचे नाव न सांगता त्याची केस मांडे. तज्ज्ञ आणि इतर केंद्रांतले सहकारी सल्ला देत. उपचार गावातच होत. 2011 मध्ये 407 रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. विद्यापीठाच्या दवाखान्यात 57.5 टक्के रुग्ण विषाणूमुक्त झाले होते. गावांतील केंद्रे आणि तुरुंगांत 58.2 टक्के.

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. व्हिडिओ कॉल जोडणे सोपे. ‘हे मला जमले नाही’ असे सहकाऱ्यांसमोर सांगणे अवघड. सर्व्हर बंद पडल्यावर चांगली टीम कोण चुकले याआधी का चुकले ते शोधते. जिथे फक्त ओरडा मिळतो, तिथे माणसे चूक लपवतात. आरोग्य केंद्रात लपवलेली चूक रुग्णाला भोवते.

म्हणून केंद्रात जाऊन परिचारिकेवर आवाज चढवणे, त्याचा व्हिडिओ व्हायरल करणे, याला मी जागरूकता म्हणणार नाही. प्राथमिक आरोग्य केंद्रासाठी रुग्ण कल्याण समिती असते. तिच्या सदस्यांना भेटा आणि विचारा: इथले कर्मचारी अवघड रुग्णांबद्दल एकत्र बसून बोलतात का? त्यासाठी त्यांना वेळ आणि चालणारे इंटरनेट मिळते का? त्या बैठकीत आशाताईंना बोलू दिले जाते का? मधुमेहाची गोळी एखाद्या खालाने मध्येच का सोडली, हे बहुधा त्यांनाच ठाऊक असते.

कुरआनातील 42व्या सूरहचे नावच ‘अश्-शूरा’ आहे, म्हणजे सल्लामसलत. मशवऱ्याचे महत्त्व आपण जुम्म्याला ऐकतो. पुढचे शिबिर जरूर घ्या, मित्रांनो; पण त्याआधी एकदा आपल्या केंद्रातल्या माणसांसोबत बसा.